मधला चौकोन

पिवळसर चौकोन तांदळाच्या दाण्याहून जरासाच मोठा होता, आणि त्यात कावळा दोनदा बसला होता. चौकोनाबाहेर सगळं एकेक होतं: समोरच्या इमारतीची गच्ची, तिच्यावरचा वाकडा अँटेना, मागचं भाद्रपदातलं धुतलेलं आभाळ. चौकोनाच्या आत मात्र अँटेनाच्या दोन काड्या आणि दोन कावळे. एक ठसठशीत, दुसरा फिका, पहिल्याच्या भुतासारखा. मी कॅमेऱ्याच्या लेन्सवरचं कडं हळूहळू फिरवलं. भूत सरकत सरकत आलं आणि कावळ्याच्या अंगात शिरलं. एकच कावळा उरला. त्याने मान वळवली.

मी पुन्हा कडं फिरवून त्याचे दोन केले, आणि पुन्हा एक केला.

"झाला का एक?" सरनोबतांनी विचारलं.

"झाला."

"मग कड्यावर जो आकडा आलाय, तेवढ्या अंतरावर बसलाय तो. पायजे तर टेप लावून मोजा. तवर उडून जाईल म्हणा."

मी कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवत असे. दोन खिडक्या, त्यांच्यामधलं ठरलेलं अंतर, आत एक वळणारा आरसा, आणि त्यांच्यापासून वस्तूपर्यंत जाणारा त्रिकोण. ही आकृती मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढली होती. पण तो त्रिकोण हातात धरता येतो, त्याचं टोक एका जिवंत कावळ्याला टेकवता येतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

कॅमेरा माझ्यासाठी नव्हता. इंदूआत्यासाठी होता. ती शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन, लग्नाच्या मांडवात मुहूर्ताची वाट बघत असल्यासारखी बसली होती.

इंदूआत्या म्हणजे डॉ. इंदुमती हेर्लेकर. माझ्या वडिलांची थोरली बहीण, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. लग्न केलं नव्हतं. कोल्हापूरच्या आसपासच्या पठारांवरच्या फुलांचं तिचं पुस्तक अभ्यासकांच्या कपाटात असायचंच. पण तो पहिला खंड. दुसरा खंड रखडला होता. तिची जुनी विद्यार्थिनी भारती मिठारी तो पूर्ण करायला तयार होती, एका पायावर. आत्या स्वतः लिहीत नव्हती आणि भारतीलाही कर म्हणत नव्हती. विचारलं की एकच उत्तर: "बघू." आता महिनाअखेरीस विद्यापीठ त्या खंडाचं कामच बंद करणार होतं. त्यामुळे "मला नवा कॅमेरा घ्यायचाय, तू चल, तुला भिंगातलं कळतं," असं आत्या म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. नवा कॅमेरा म्हणजे नवी फुलं, आणि नवी फुलं म्हणजे दुसरा खंड.

हे सगळं त्या वर्षांतलं, जेव्हा फोटोग्राफर मंडळी फिल्म टाकून डिजिटलच्या मागे लागली होती, आणि पूर्वी स्वप्नात येणारे कॅमेरे सरनोबतांच्या माडीवरच्या दुकानातल्या कपाटात मुकाट येऊन बसत होते. हिंदुराव सरनोबत एके काळी कोल्हापुरात सिनेमांचे स्थिर फोटो काढत. सत्तरी उलटली होती, मिशा अजून काळ्या होत्या, त्या कशाने ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

"आता नीट ऐका ताई," ते आत्याला म्हणाले. "जपानी माल हाय. विटेएवढा, पण विटेपेक्षा हलका. फिल्मवरचं चित्र केवढं? दोन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल तेवढं. आणि ह्याला तीन काचा. ही ऐंशीची. माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं दाखवती. ही दीडशेची. ह्यातनं काढलेला चेहरा बघून बायकोलासुद्धा नवऱ्याचं प्रेम येतंय. आणि ही..." त्यांनी तिसरी लेन्स फडक्यातून काढली. तिची मागची काच इतकी फुगीर होती की ती कॅमेऱ्याच्या पोटात खोल जात असणार. "ही त्रेचाळीसची. ही सगळंच घेती. हिचं जग कॅमेऱ्याच्या खिडकीत मावत नाही, म्हणून वर ही वेगळी छोटी दुर्बीण लावायची आणि तिच्यातनं बघायचं."

"ही दाखवा," आत्या म्हणाली.

"दाखवतो की. पण एकच घ्यायची तर ऐंशीची घ्या. त्रेचाळीस म्हणजे अख्खं गाव जेवायला बोलावल्यासारखं होतं. आधी कुणाला वाढायचं, कळत नाही."

"मला अख्खं गावच बोलवायचंय."

माझ्या हातात अजून कॅमेरा होता. मी कड्याचं शेवटचं टोक बघत होते. "आत्या, हा एक मीटरच्या आतलं काही बघत नाही."

"मग?"

"मग सीतेची आसवं कशी काढणार? ती मोहरीएवढी असतात. तुझा जुना कॅमेरा फुलाच्या नाकाला नाक लावायचा. ह्याला ते जमणार नाही. कुठलीही काच लावली तरी."

"फुलं काढायचीत म्हणून कोण म्हणालं तुला?"

तिने हे हसत म्हटलं. आत्याचं बोलणं कायम असं, निम्मं टोमण्यात. मी फार मनावर घेतलं नाही. कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याला लावला, अँटेनाकडे रोखला, कडं एकदा फिरवलं आणि लगेच परत केला.

"जुळला का कावळा?"

"जुळला. छान आहे."

कडं एक मीटरवर होतं. कावळा रस्त्यापलीकडे होता. परत देताना तिचा हात लागून फिरलं असेल, असं मी धरून चालले.

सरनोबतांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने एक रोल काढून आणल्याशिवाय ते कॅमेरा विकत नसत, आणि तो पहिला रोल स्वतःच्या हाताने धूत. "नुसता दाखवून द्यायचा नाही आमच्यात," ते म्हणाले. "थोडे दिवस नांदवा. पटला तर घ्या. तिन्ही काचा घेऊन जावा."

आम्ही मसाई पठारावर गेलो. पन्हाळ्याच्या पुढे रस्ता चढून संपतो आणि जमीन एकदम ताटासारखी सपाट होते. काळसर जांभा खडक, त्याच्या खळग्यांत पावसाचं पाणी, आणि पाण्याच्या कडेने नजर पोचेल तिथपर्यंत फुलं. मी इथे लहानपणापासून येत होते.

माझा फोन वाजला. भारती.

"ऋताताई, मॅडम काही बोलल्या का? विद्यापीठातनं मला विचारतायत. मी काय सांगू?"

मी आत्याकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं.

"सांग तिला, बघू म्हणून."

"आत्या, अगं महिना संपत आला."

"संपू दे. ती काय करणार आहे माहितीये? तेरडा दिसला की तेरडा लिहून मोकळी होणार. कुठला तेरडा, ते सांगायला वरनं देव येणारे? पोरगी गुणी आहे, पण तिला घाई फार."

"मॅडम म्हणतायत, बघू," मी फोनमध्ये म्हटलं.

"ऐकलं मी," भारती म्हणाली. "तेरड्याचं पण ऐकलं."

आत्या खडकावर पाय रोवून उभी राहिली. "तू काढ आधी. माझा काढ. त्या ऐंशीच्या काचेने. माझा बरा फोटोच नाही एक. मेल्यावर पेपरात द्यायला लागेल."

मी काढायला लागले. चौकोन तिच्या चष्म्याच्या काडीवर आणायचा, दोन काड्या एक करायच्या, बटण दाबायचं. शटरचा आवाज इतका हलका की कुणी कोवळी डहाळी मोडल्यासारखा. ती माझ्यासमोर चार पावलांवर उभी होती आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. वारं तिचा पदर उडवत होतं. ती मधूनच दाढी वाढलेल्या ऋषीसारखा चेहरा करत होती, मधूनच पर्स डोक्यावर धरत होती. मी हसत होते. त्या खिडकीतून ती इतकी स्वच्छ दिसत होती, आजूबाजूच्या फुलांसकट, की मी अख्खा रोल तिच्यावरच संपवला.

दुसऱ्या दिवशी सरनोबतांनी ओली फिल्म खिडकीपाशी धरली. स्लाइडची फिल्म होती, तिच्यावर सरळ रंगीत चित्रं दिसायला हवी होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट होती. अमावास्येची पट्टी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"झाकण!" ते म्हणाले. "लेन्सचं झाकण काढलंच न्हाई! झालं, कॅमेऱ्याचं बारसं झालं. ह्या जातीचा कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाचं होतंय ते."

मला क्षणात कळलं. दुसऱ्या कॅमेऱ्यांत आपण लेन्समधूनच बघतो, झाकण असलं तर अंधार दिसतो. ह्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. ह्याचा प्रकाश मोजणारा डोळाही लेन्समधून बघत नाही. सगळं स्वच्छ दिसत राहतं, आणि आत काहीच पोचत नाही. ही आकृतीही मी फळ्यावर काढली असती.

"प्रकाशशास्त्र शिकवते म्हणे," आत्या म्हणाली. "कॉलेजला सांगू नका हं सरनोबत, नोकरी जायची."

"पण मी काय म्हणतो," सरनोबत डोळे पुसत म्हणाले, "बघणाऱ्याला कळत नाही ते ठीक. ज्याचा फोटो काढतोय तो सांगतोय की! समोर एवढी काळी चकती. बारकी पोरं पण ओरडतात, काका झाकण, काका झाकण."

खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला.

"माझं लक्ष नव्हतं," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ही बाई पूर्वी धावत्या जीपमधून "थांबव" म्हणायची आणि खाली उतरून, वाटाण्याएवढं आमरीचं फूल गवतातून बोटाने वर उचलून दाखवायची. तिने माझ्याकडे, लेन्सकडे, पूर्ण वेळ सरळ बघितलं होतं. तिच्या नजरेच्या अगदी मधोमध.

मग एक मीटरवरचं कडं आठवलं. आणि अलीकडे चहा ओतताना कपाच्या काठाला लावलेलं तिचं बोट.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही.

"कळलं ना तुला?" ती समोर बघत म्हणाली.

"हो."

"तू तुझ्या बापासारखीच. बोलत नाहीस, पण गणित सुटेपर्यंत उठत नाहीस."

"दोन्ही डोळे?"

"दोन्ही. पडद्याचा मधला भाग गेलाय. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. कडा राहतील म्हणाले." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "गंमत आहे बघ, ऋता. फुलाकडे बघितलं की फूल जातं. दुसरीकडे बघितलं की ते येऊन बसतं. जिकडे बघीन तेवढंच नेमकं नाहीसं होतं. केसर मोजायला गेले की केसर नाहीत. म्हणून सांगत नव्हते कुणाला. भारतीला कर म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, का? आणि एकदा ते तोंडातनं गेलं की मग खरंच गेलं."

मला सुचलं ते असं: "चौकोन तर मधेच असतो. मग हा कॅमेरा का घेतेस?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. माझ्या कानाच्या बाजूला बघत होती. म्हणजे मी तिला दिसत होते.

"जुन्या कॅमेऱ्यात सगळा खेळ मधल्या इंचाचा होता. तो इंच माझ्याकडे नाही आता. बाकीचं पठार आहे ना? एवढी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून, गुडघ्यावर बसून फुलांत बघत होते. सरनोबतांच्या त्या तिसऱ्या काचेला वेगळी दुर्बीण आहे. तिच्यात चौकोन नाही. मी फोनवर आधीच विचारून ठेवलं होतं. पण अंतर कसं जुळवायचं, ते मला येत नाही. म्हणून तुला आणलं. भिंगातलं कळतं ना तुला?"

मी मनात गणित केलं. ते अवघड नव्हतं. लेन्स जितकी रुंद बघते तितकी तिची चूक पोटात घालायची ताकद जास्त. लेन्सचं उजेड आत घेणारं भोक लहान ठेवलं आणि कडं दोन मीटरवर रोवलं, तर दोन हातांपासून क्षितिजापर्यंत सगळं एकदम स्पष्ट येतं. जुळवायचंच नाही. मी डॅशबोर्डातून चिकटपट्टी काढली, त्रेचाळीसच्या लेन्सचं कडं दोनवर आणलं आणि पट्टीने तिथे पक्कं बांधून टाकलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. आता ह्याला हात लावायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

ती मोठ्याने हसली. "आणि मी दीड वर्ष रडतेय!"

आम्ही पुन्हा पठारावर गेलो. ढग खाली उतरले होते, आणि त्यांच्या सावल्या फुलांवरून कळपासारख्या चालल्या होत्या. मी तिपाई लावली, प्रकाश मोजून दिला. आत्याने पुढे होऊन लेन्सच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"झाकण नाही," ती म्हणाली. "नाहीतर आपण दोघी सारख्याच."

मग ती वरच्या दुर्बिणीला डोळा लावून उभी राहिली, आणि मी एक असं बघणं बघितलं जे आधी कधी बघितलं नव्हतं. ती कशाकडेच बघत नव्हती. पक्षी करतो तशी मान तिरकी करायची, थांबायची, दुसरीकडे करायची. तिपाई उचलायला लावायची, चार पावलं पुढे, पुन्हा मागे. मी इकडे फुलं चांगली आहेत म्हटलं तर म्हणायची, गप. एका जागी ती इतका वेळ स्तब्ध उभी राहिली की तिच्या चपलेवर एक नाकतोडा येऊन बसला. सावली सरकत आली, तिच्या अंगावरून गेली, पुढच्या खडकावर पोचली, आणि मगच ती डहाळी मोडल्याचा आवाज आला.

"ढग कुठवर आलाय ते कसं कळलं?"

"कडेने आला," ती म्हणाली. "सगळं कडेनेच येतं. मधे बघणाऱ्याला उशिरा कळतं."

रोल संपला तेव्हा ती दमली होती आणि तिचा चेहरा तापासारखा लाल झाला होता. तिने माझा दंड धरला. एरवी ती कुणाचा हात धरत नसे.

सरनोबतांनी फिल्म धुतली, वाळवली, आणि दिव्याच्या पेटीवर पसरली. दुधी काचेखाली दिवा लागला. मी भिंग लावून वाकले.

पहिली गोष्ट मला दिसली ती ही, की चित्राच्या मधोमध काही नव्हतं. म्हणजे पाणी होतं. खडकातला एक उथळ खळगा, आणि त्यात अख्खं आभाळ उतरलेलं. आणि त्याच्याभोवती, चारी कडांना, पठार उसळलं होतं. खाली पायाशी फुलं, डावीकडे फुलं, उजवीकडे वाकलेलं गवत, वर ढगांचा काठ. पुढच्या चित्रात मधे नुसता ओला काळा खडक, त्याच्यापुढच्यात नुसता ढगातून आलेला उजेड. प्रत्येक चित्रात तिने मध्य मोकळा सोडला होता, आणि जग त्याच्याभोवती येऊन उभं राहिलं होतं. आणि सगळं स्पष्ट. दोन हातांपासून क्षितिजापर्यंत.

मला भिंगावरून डोळा उचलवत नव्हता. सरनोबत वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"पन्नास वर्षं," ते शेवटी म्हणाले, "पन्नास वर्षं मी माणसांना मधे उभं करत आलो."

"काय आलंय?" आत्याने विचारलं. ती मागे खुर्चीत बसली होती. दिव्याच्या पेटीचा नुसता उजेड तिला दिसत असणार. "कुणी सांगेल का मला?"

"आत्या, सगळं आलंय."

"सगळं म्हणजे काय? शास्त्राची ना तू? डावीकडून सुरू कर. खालचा कोपरा."

मी भिंग सरकवलं. "खडकाच्या फटीत काहीतरी जांभळं आहे."

"काहीतरी हे नाव नाही. पाकळ्या?"

"तीन. मधे धुरकट, केसाळ."

"आभाळी," आत्या म्हणाली. "पुढे."

"पांढरे गोळे. शर्टाच्या बटणासारखे, सुईसारख्या दांड्यांवर. पुष्कळ आहेत."

"गेंद. म्हणजे तिथे ओल आहे. मग त्यांच्या पायाशी बघ. सीतेची आसवं असणार. निळी."

मला तिथे फक्त ओली माती दिसत होती. मी भिंग अजून खाली दाबलं, डोळा टेकवला. मातीत निळे कण होते. एक, मग पाच, मग मोजता येईनात. प्रत्येक कण एक फूल. तिने ती बघितली नव्हती. कॅमेऱ्यातून नाही, नुसत्या डोळ्यांनी नाही, आता काचेवरही नाही. ती खुर्चीत बसून, ओलीवरून, मला सांगत होती आणि फुलं तिथे होती.

"आहेत," मी म्हटलं.

"असणारच. उजवीकडे?"

"गुलाबी. तेरडा."

"कुठला?"

मी भिंगातून वर बघितलं. सरनोबतही बघत होते.

"कुठला ते मला कसं कळणार, आत्या?"

"पानं बघ. समोरासमोर आहेत, की एकाआड एक?"

मी बघितलं. "समोरासमोर."

"मग तो बागेतला नव्हे. तो पठारावरचा, बुटका." ती पुढे झुकली होती. हात मांडीवर, बोटं हलत होती, जणू पान उलटून बघत होती. "बघ. जमलं की तुला. विचारलं की जमतं. नुसतं विचारायला लागतं नीट."

पेटीतल्या दिव्याचा बारीक गुंजारव तेवढा ऐकू येत होता. मग ती उठली, टेबलापाशी आली, आणि हाताने चाचपून त्रेचाळीसची लेन्स लावलेला कॅमेरा जवळ ओढला. बाकीच्या दोन लेन्स सरनोबतांच्या बाजूला सरकवल्या.

"ही घेते. ह्या दोन तुम्ही ठेवा. चिकटपट्टी काढू नका."

"काढत नाही," सरनोबत म्हणाले. "ताई, आत्तापर्यंत मी विकलेल्या..."

"तुमचा फोन वापरू?"

त्यांनी तारेचा जुना फोन तिच्यापुढे केला. मी नंबर लावायला पुढे झाले, तिने माझा हात बाजूला केला. बोटांनी आकडे मोजत, एकेक दाबत, तिने स्वतः लावला. पलीकडे घंटी वाजत असताना ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. समोरच्या अँटेनावर आज कावळा नव्हता.

"भारती? मी बोलतेय. ... हो, बरी आहे. नाही, बरी नाहीये, ते ऋता सांगेल तुला नंतर. आधी ऐक. तेरडा दिसला की नुसता तेरडा लिहायचं नाही. कुठला, ते लिहायचं. पानं बघायची. नाही कळलं तर मला विचारायचं, मी सांगेन. तू बघायचं आणि मी सांगायचं. कळलं?"

पलीकडून भारती काहीतरी विचारत होती. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज घाबरलेला होता.

आत्याने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली, मग सोडली.

"अगं तेच सांगतेय," ती म्हणाली. "दुसरा खंड तू कर."